पूर ओसरल्यावर : बुडालेल्या गुऱ्हाळांची व गिरण्यांची दुरुस्ती

पुरानें उभें पीक नेलें, तर शेतकरी त्या हानीचा हिशेब तत्काळ करतो. परंतु त्याच पुरांत त्याचें गुऱ्हाळ, भाताची गिरणी किंवा सोसायटीचें गोदाम बुडालें, तर त्याकडे पाहण्याची त्याची दृष्टि निराळी असते. पीक गेलें तें गेलें. यंत्र मात्र जागेवर उभें दिसतें. गाळ पुसून कळ दाबली कीं तें पूर्ववत् चालूं लागेल, असा भरंवसा त्यास वाटतो. या भरंवशापायीं पुरानें न झालेलें नुकसान पुरानंतर होतें, आणि क्वचित् माणूसही प्राणास मुकतो. म्हणून बुडालेली गिरणी वा गुऱ्हाळ पुन्हां कामास लावतांना कोणतें काम आधीं व कोणतें मागून करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या कांठच्या वाचकांस हा विषय परका नाहीं. २००५, २०१९ व २०२१ या तीन सालीं त्यांनीं मोठे पूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; तेथील धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. त्याच दिवसांत कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा ५५ फुटांवर चढली. तेथील धोक्याची खूण ४३ फुटांची आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं जमिनींतील पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या पुरांत पाणी शिरून त्यांपैकीं पुष्कळ निकामी झालीं. कोंकणांत २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर जलमय केलें. नदीकांठ सोडून शेतकऱ्यास जातां येत नाहीं, आणि ऊंस व भात जेथें पिकतात तेथेंच गुऱ्हाळ व गिरणी असावी लागते. तेव्हां पूर पुन्हां येईल हें गृहीत धरूनच आपण शहाणें झालें पाहिजे.

दुसरें नुकसान पहिल्याहून मोठें

लोखंड गंजण्यास पाणी व हवा हीं दोन्ही लागतात. यंत्र पाण्याखालीं पूर्ण बुडालेलें असतें, तोंपर्यंत त्यास हवेंतील प्राणवायु फारच थोडा मिळतो व गंज सावकाश चढतो. पाणी उतरलें, ओलें लोखंड उघड्यावर आलें, आणि त्यावर क्षारयुक्त ओल्या गाळाचा लेप राहिला, म्हणजे गंजास हवें तें सर्व एकत्र मिळतें. घासून गुळगुळीत केलेल्या दांड्यांवर व बेअरिंगच्या गोळ्यांवर कांहीं तासांतच तांबूस डाग दिसूं लागतात. ओल्या लाकडावर, पोत्यांवर व भिंतींवर एकदोन दिवसांत बुरशी धरते. गाळ ओला असतो तोंवर साध्या पाण्यानें निघतो. तोच वाळला कीं सिमेंटासारखा घट्ट बसतो, मग तो खरवडतांना यंत्राचें अंग ओरखडतें.

यावरून आमच्या सांगण्याचें सार वाचकांच्या ध्यानांत येईल. धुण्याची व तेल लावण्याची घाई करावी. यंत्र सुरू करण्याची घाई करूं नये. लोक बहुधा याच्या उलट करतात. गाळ चार दिवस तसाच ठेवतात, आणि पांचव्या दिवशीं वीज आली कीं कळ दाबून पाहतात.

आधीं माणसाचा जीव

पाणी ओसरतांच आंत धांवूं नये. गिरणीची वीज बाहेरून, खांबावरून तोडली आहे, अशी खात्री वीज मंडळाच्या माणसाकडून करून घ्यावी. गांवांत वीज नाहीं म्हणून आपल्या तारेंतही ती नाहीं, असें समजूं नये. ती केव्हां येईल याचा नेम नसतो, आणि शेजाऱ्यानें लाविलेल्या जनित्राचा प्रवाह उलट येण्याचा संभव असतो. छपरावर सौर पॅनेल असतील तर ऊन पडलें कीं तीं आपली वीज करीतच राहतात. त्यांच्या तारांस जाणत्यावांचून कोणीं हात लावूं नये.

दुसरें भय विषारी वायूंचें. मळीची टाकी, जमिनींतील पेव, धान्य वर चढविणाऱ्या यंत्राचा खड्डा, रस सांठविण्याचा हौद, यांत पुराचें पाणी व कुजणारा माल राहिला म्हणजे तेथील प्राणवायु नाहींसा होतो व घातक वायु सांचतो. खालीं दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाहीं. कारण दिवा जळत असतांही तेथें विषारी वायु माणसास मारण्याइतका असूं शकतो. अशा जागेंत एक उतरला व पडला, त्यास काढण्यास दुसरा उतरला व तोही पडला, अशा गोष्टी वारंवार घडल्या आहेत. वायु मापण्याचें साधन, कमरेस दोर व वर उभीं राहणारीं माणसें, यांवांचून कोणासही खालीं उतरवूं नये. तसेंच पाणी उपसण्याचें इंजिन बंद खोलींत ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि माणूस गुंगीतच जातो.

तिसरें भय गोदामांतील औषधांचें. धान्यास कीड लागूं नये म्हणून वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांस ओल लागली कीं त्यांतून फॉस्फिन नांवाचा अति विषारी वायु निघतो, आणि तो पेटही घेऊं शकतो. गुळास रंग यावा म्हणून कांहीं ठिकाणीं हायड्रॉस पूड वापरतात. तीही ओलीनें तापते व पेट घेते. कळीच्या चुन्यास पाणी लागलें म्हणजे तो इतका तापतो कीं शेजारचें चिपाड किंवा पोतीं पेटूं शकतात. असा माल कोठें ठेविला होता हें गोदामवाल्यास विचारूनच आंत जावें. वायूचा वास आला तर दारें उघडून दूर व्हावें, व जाणत्यास बोलवावें. साप, फुटक्या कांचा व घाणीनें भरलेलें पाणी यांचें भय तर आहेच. पायांत उंच बूट व हातांत मोजे असल्यावांचून मजुरांस कामास लावूं नये. पुराच्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. पायास जखम असलेल्यानें या पाण्यांत उतरूंच नये.

पाणी उपसण्यांतील धोरण

जमिनीखालचा हौद किंवा तळघर भरलें असतां पंप लावून एका दमांत रिकामें करावें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्या वेळीं बाहेरची जमीनही पाण्यानें तुडुंब असते. आंतील पाण्याचा आधार एकदम गेला म्हणजे बाहेरच्या ओल्या मातीचा भार भिंतीस आंत ढकलतो, व भिंत ढांसळते. म्हणून सुमारें एक फूट पाणी काढावें, भिंतीवर खूण करावी व रात्रभर थांबावें. सकाळीं पातळी चढलेली दिसली तर बाहेरचें पाणी अद्याप आंत येत आहे असें समजावें व आणखी थांबावें. पातळी स्थिर असेल तर पुढचा फूट काढावा.

नोंद, पंचनामा व विमा

धुण्यास हात घालण्यापूर्वीं एक काम केलेंच पाहिजे, तें नोंदीचें. प्रत्येक यंत्राचें, मालाच्या थप्प्यांचें व भिंतीवरील पाण्याच्या रेषेचें छायाचित्र घ्यावें. यंत्राचा नंबर दिसेल असें एक चित्र जवळून घ्यावें. मोबाईल फोन आज प्रत्येकाच्या हातीं आहे, त्यामुळें यास खर्च नाहीं. तलाठ्यास व विमा कंपनीस त्याच दिवशीं लेखी कळवावें आणि त्याची पोंच ठेवावी. धुण्यासाठीं कंपनीच्या सर्व्हेअरची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. उलट नुकसान वाढूं न देणें हें विमेदाराचें कर्तव्यच मानलें जातें. मात्र काढलेले भाग, जळालेल्या मोटारी व भिजलेला माल सर्व्हेअरनें पाहिल्यावांचून भंगारांत घालूं नये. मजुरी, डिझेल व भाडें यांच्या पावत्या जपून ठेवाव्या.

विम्याविषयीं दोन गोष्टी सोसायटीच्या पंचांनीं पूर येण्यापूर्वींच पाहाव्या. पहिली, आपल्या पॉलिसींत वादळ व पूर यांचा समावेश आहे कीं नाहीं. दुसरी, विम्याची रक्कम मालमत्तेच्या खऱ्या किंमतीइतकी आहे कीं नाहीं. समजा, यंत्रांची किंमत २० लाख रुपये आहे व हप्ता वाचविण्यासाठीं विमा १० लाखांचाच उतरविला आहे. नुकसान ४ लाखांचें झालें तर पूर्ण ४ लाख मिळतील असें सभासद धरून चालतात. परंतु विमा निम्म्या किंमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे सुमारें २ लाखच मिळते. पांच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठीं १ एप्रिल २०२१ पासून निघालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट सोडून दिली जाते. त्यापुढील तुटीस मात्र वरील नियम लागूं होतो.

गाळ काढणें

गाळ वरून खालीं व आंतून बाहेर काढावा. स्वच्छ पाणी साध्या नळीनें सोडावें. जोराच्या फवाऱ्यानें गाळ बेअरिंगच्या व मोटारीच्या अधिकच आंत शिरतो. धुतलेला भाग फडक्यानें पुसून त्यावर पातळ तेलाचा हात लगेच फिरवावा. मनुष्यबळ थोडें असेल तर क्रम असा धरावा : आधीं मोटारी व बेअरिंगें, मग चरकाचे दांडे व दातेरी चाकें, मग चाळण्या व पट्ट्यांची चाकें, आणि शेवटीं सांगाडे, पत्रे व जमीन. पुष्कळ ठिकाणीं जमीन आधीं धुतात, कारण ती डोळ्यांस खुपते. तोंवर मौल्यवान भाग गंजत असतात.

ज्या भागांस रस, गूळ, तांदूळ किंवा पीठ लागतें, ते धुतल्यानंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें निर्जंतुक करावे. गाळ असतांना ही पावडर टाकणें व्यर्थ होय. तिचा जोर गाळांतच संपतो. ती लोखंडास खाते, म्हणून मागून स्वच्छ पाण्यानें भाग धुऊन कोरडे करावे. अन्नास लागणाऱ्या भागांवर यंत्राचें तेल लावूं नये. तेथें खाण्याचें तेल लावावें व कामापूर्वीं काढून टाकावें.

विजेचीं यंत्रें

सामान्य मोटार बुडाली म्हणजे मेली, असें नाहीं. ती खोलून स्वच्छ पाण्यानें धुवावी, पाणी निथळूं द्यावें, आणि मग उन्हांत, गरम हवेच्या झोतानें किंवा भट्टींत सुकवावी. मात्र ९० अंश सेंटिग्रेडपेक्षां अधिक उष्णता देऊं नये. वरून कोरडी दिसली तरी वेटोळ्यांच्या आंत ओल राहते. ती आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं कळत नाहीं. त्यासाठीं मेगर नांवाचें उपकरण लावावें लागतें. गुऱ्हाळाच्या व गिरणीच्या नेहमींच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीस एक मेगओहम आला म्हणजे पुरे, असा जुना कारागीर म्हणतो. आजचे जाणते पांच मेगओहमचा आग्रह धरतात. आंकडा कमी आला तर पुन्हां सुकवावी. बेअरिंगें बहुधा नवींच घालावीं लागतात, व ग्रीस तर सर्व बदलावेंच.

मोठ्या पुरानंतर मोटार भरणाऱ्या कारागिरांच्या दारीं रांगा लागतात. ज्यानें पहिल्या दोनतीन दिवसांत आपल्या मोटारी धुऊन सुकत घातल्या, त्याच्या पुष्कळशा मोटारी नवें वेटोळें न भरतां वांचतात. ज्यानें गाळासकट ठेविल्या, त्यास रांगेंत उभें राहावें लागतें व भरण्याचा खर्चही येतो.

बुडालेले सर्किट ब्रेकर, फ्यूज, स्टार्टरमधील संपर्काचे भाग व इलेक्ट्रॉनिक पट्ट्या यांच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. त्या वाळवून पुन्हां बसविल्या तर चालतील असें दिसतें. पण ज्या दिवशीं प्रवाह तोडण्याची गरज पडेल त्या दिवशीं ब्रेकर तुटणार नाहीं, आणि आग लागेल. तीं नवींच घ्यावीं. तारांचीं टोकें कापून आंत ओल शिरली आहे कीं काय हें पाहावें, व जमिनीशीं जोडणारी अर्थिंगची तार तपासून घ्यावी.

इंजिन व गिअरपेटी

बुडालेल्या डिझेल इंजिनास हँडल मारूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां इंजिन फिरविलें तर कनेक्टिंग रॉड वांकतो. आधीं इंजेक्टर काढावा, मग हातानें हळूहळू फिरवून पाणी बाहेर पडूं द्यावें. तेल खालून सोडावें. पाणी तेलापेक्षां जड असल्यानें तेंच आधीं येईल. नवें तेल घालून थोडा वेळ चालविल्यावर तें पुन्हां बदलावें. डिझेलच्या टाकीच्या तळाशींही पाणी असतें, तें सोडून द्यावें. चरकाच्या गिअरपेटीसही हाच न्याय लागूं आहे. वर तेल दिसतें म्हणून खालीं पाणी नाहीं असें मानूं नये.

चुलवाण, धुराडें व भिंती

भिजलेलें चुलवाण व बॉयलरची विटांची भट्टी यांत मोठा जाळ एकदम करूं नये. विटांतील पाण्याची वाफ होऊन बांधकाम फुटतें. कांहीं दिवस अगदीं मंद विस्तव ठेवून तें हळूहळू सुकवावें. बॉयलर असेल तर निरीक्षकानें पाहून संमति दिल्यावांचून वाफ धरूं नये. धुराड्याच्या पायाखालची माती वाहून गेली आहे काय, हें ओळंबा लावून पाहावें. मातीच्या सांध्याच्या भिंती पाण्यांत मऊ होतात. त्यांस टेंकू देऊन सावकाश वाळूं द्यावें. भिंतींस लगेच गिलावा करूं नये; आंत कोंडलेली ओल पुढें महिनोन् महिने त्रास देते.

भिजलेल्या धान्याचीं पोतीं फुगतात, आणि भिंतीस टेंकलेली थप्पी फुगली म्हणजे ती भिंतीस बाहेर लोटते. म्हणून भिंतीजवळचीं पोतीं प्रथम, वरून खालीं याप्रमाणें, उतरावीं. ओला कोंडा, सरकी व पेंड ढिगांत आपोआप तापतात. तीं पसरून ठेवावीं. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेला गूळ, तांदूळ किंवा पीठ माणसाच्या खाण्यास देऊं नये, मग तें वाळवून कितीही चांगलें दिसो. त्या पाण्यांत सर्व गांवाची घाण असते. हा तोटा जिवावर येतो हें आम्ही जाणतों. परंतु एका खेपेचा गूळ विकून गुऱ्हाळाचें नांव घालविणें हा त्याहून मोठा तोटा होय.

सुरुवात केव्हां करावी

सोसायटीचे सभासद दुसऱ्याच दिवसापासून विचारूं लागतात, “गिरणी केव्हां चालू होणार?” पंचांवर त्याचा दाब येतो, आणि तो अन्याय्य नाहीं, भांडवल सभासदांचें आहे. परंतु आपल्याकडील मोठे पूर बहुधा जुलै-ऑगस्टमध्यें येतात, आणि गुऱ्हाळांचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास लागतो. भाताची कापणीही पावसाळा संपल्यावरची. म्हणजे दोन महिन्यांचा अवधि निसर्गानेंच आपणांस दिलेला आहे. पहिला आठवडा धुण्यास, तेल लावण्यास व मोटारी सुकविण्यास द्यावा. त्यानंतरचे तीन-चार आठवडे तपासणीस व बदलायच्या भागांस द्यावे. मग एकेक यंत्र मालावांचून रिकामें चालवून पाहावें, आणि शेवटीं सर्व गिरणी एकत्र चालवावी. पहिल्या आठवड्यांत आळस केला तर पुढचे दोन महिने पुरणार नाहींत. पहिल्या आठवड्यांत श्रम केले तर ते दोन महिने उरतील.

पूर येण्यापूर्वीं

शेवटीं पुढील पुराच्या तयारीविषयीं थोडें सांगतों. २००५, २०१९ व २०२१ या सालांच्या पाण्याच्या रेषा ज्यास ठाऊक असतील त्यानें त्या गिरणीच्या भिंतीवर रंगानें काढून ठेवाव्या. स्विचबोर्ड सर्वांत वरच्या रेषेच्या वर न्यावा. हा खर्च एकदांच करावा लागतो. मोटार चार बोल्टांनीं बसविलेली असते. साखळीचा पुली-ब्लॉक व दोन माणसें असलीं तर ती तासाभरांत वर टांगतां येते. कोणी कोणती मोटार उचलावयाची, चाव्या कोणापाशीं, नदीची पातळी किती झाली म्हणजे काम सुरू करावयाचें, हें कागदावर लिहून भिंतीस लावावें. मेगर सर्व गांवांत मिळून एक असला तरी पुरे. विम्याचे कागद, यंत्रांची यादी व छायाचित्रें यांची एक प्रत गांवाबाहेरील नातलगाच्या घरीं असावी.

या गोष्टींत एकही अशी नाहीं कीं जी साध्या शेतकऱ्याच्या आटोक्याबाहेर आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें एक सभा घेऊन एवढें ठरवून ठेवावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे. नदीचें पाणी अडविणें आपल्या हातीं नाहीं. पण पाणी गेल्यावरचा पहिला आठवडा सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.